ग्रासकटरला कोणतं ऑइल, किती ऑइल?

पावसाळा सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले की अंगण, कुंपण, बागेची वाट सगळं गवतात बुडून जातं. मग माळ्यावरचा ग्रासकटर खाली येतो. गेल्या वर्षीचं थोडं पेट्रोल डब्यात शिल्लक असतं, कोपऱ्यात ऑइलची अर्धी बाटली असते. "टाक अंदाजाने थोडं," असं कोणीतरी म्हणतं. चार वेळा दोरी ओढली की यंत्र धूर सोडत सुरू होतं आणि सगळे खूश होतात.

पुढचा प्रसंगही तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. अर्धा-पाऊण तास गवत छान कापलं जातं. मग इंजिनाचा आवाज बदलतो, जोर कमी होतो आणि यंत्र मध्येच बंद पडतं. परत दोरी ओढायला जावं, तर ती हलतच नाही. मेकॅनिक इंजिन उघडतो आणि दोनच शब्द सांगतो, "जाम झालंय." पिस्टनवर उभे ओरखडे, सिलिंडर खराब. दुरुस्तीचा खर्च ऐकला की नवीनच घ्यावा का, असा विचार मनात येतो.

घरच्या बागेपुरता ग्रासकटर असेल तर हे नुकसान पैशांचं. पण कोकणात आणि गोव्यात अनेकजण स्वतःचा ग्रासकटर घेऊन आंबा-काजूच्या बागा साफ करून देतात. त्यांच्यासाठी ऐन हंगामात यंत्र बंद पडणं म्हणजे रोजची मजुरी बुडणं. आणि यातली बरीच इंजिनं मूळ दोषामुळे नाही, तर वीस-पंचवीस मिलीलीटर ऑइलाच्या चुकीमुळे जातात. म्हणूनच हा विषय एकदा नीट समजून घेऊया.

हे ऑइल नेमकं करतं काय?

तुमच्या मोटारसायकलच्या इंजिनात ऑइल वेगळं भरलेलं असतं. ते खालच्या भागात साठतं, आत फिरत राहतं आणि ठरावीक किलोमीटरनंतर आपण ते बदलतो. हे झालं फोर-स्ट्रोक इंजिन.

ग्रासकटर, चेन सॉ, पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप यांपैकी अनेकांत टू-स्ट्रोक इंजिन असतं. त्यात ऑइल साठवायला वेगळी जागाच नसते. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी इंजिनाच्या खालच्या भागातून, म्हणजे क्रँककेसमधून जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जळतं. या वाटेवर क्रँकचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, पिस्टन आणि सिलिंडरची भिंत या सगळ्यांना जे काही वंगण मिळतं, ते फक्त पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलातून. ते ऑइल आपलं काम करतं, पेट्रोलाबरोबर जळतं आणि धुरातून बाहेर जातं.

ग्रासकटरचं इंजिन पूर्ण वेगात मिनिटाला सात ते दहा हजार फेरे घेतं. नऊ हजार धरले तरी पिस्टन एका सेकंदात दीडशे वेळा वर-खाली होतो. आता या पिस्टनला साधं पेट्रोल दिलं तर काय होईल ते लक्षात येईल. पेट्रोल वंगण देत नाही, उलट धातूवरचा ऑइलाचा पातळ थर धुऊन काढतं. पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला घासून अडकतो. यासाठी काही मिनिटं पुरतात.

आधी खात्री करा, इंजिन टू-स्ट्रोकच आहे ना?

ही पहिली पायरी बरेचजण विसरतात. दिसायला सारखे असले तरी सगळे ग्रासकटर टू-स्ट्रोक नसतात. उदाहरणार्थ, होंडाच्या जीएक्स-३५ इंजिनावर चालणारे ग्रासकटर फोर-स्ट्रोक आहेत. त्यात पेट्रोल साधंच भरायचं आणि इंजिन ऑइल वेगळ्या झाकणातून टाकायचं.

ओळखायची खूण सोपी आहे. यंत्राला पेट्रोलच्या टाकीशिवाय ऑइल भरायचं वेगळं झाकण असेल, त्याला ऑइलची पातळी बघायची काडी असेल, तर ते फोर-स्ट्रोक. असं झाकण नसेल आणि टाकीच्या झाकणावर पेट्रोल पंपाच्या चित्राशेजारी थेंब काढलेला असेल किंवा ५०:१, २५:१ असा आकडा असेल, तर ते टू-स्ट्रोक. शंका असेल तर दुकानदाराला किंवा मेकॅनिकला यंत्र दाखवून विचारा.

चूक दोन्हीकडे होऊ शकते, पण दोन्हींची शिक्षा सारखी नाही. फोर-स्ट्रोकमध्ये मिश्रण गेलं तर धूर होईल, प्लग काळा होईल आणि टाकी रिकामी करून बहुतेक वेळा निभावेल. टू-स्ट्रोकमध्ये साधं पेट्रोल गेलं तर इंजिनच जाईल.

जुन्या दुचाकी जपून ठेवणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. टू-स्ट्रोक चेतकच्या टाकीत ऑइल मिसळलेलं पेट्रोल भरावं लागतं. यामाहा आरएक्स-१०० किंवा कायनेटिक होंडा यांना मात्र ऑइलची वेगळी टाकी असते आणि आतला छोटा पंप गरजेप्रमाणे ऑइल पुरवतो. अशा गाडीत पेट्रोल साधंच भरायचं, पण ऑइलची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. शिवाय स्कूटरच्या गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, ते पेट्रोलात टाकायचं नसतं.

कोणतं ऑइल घ्यायचं?

दुकानात "टू-टी ऑइल" मागा. टू-टी म्हणजे टू-स्ट्रोकसाठी बनवलेलं. ते पेट्रोलात चटकन मिसळतं आणि जळताना कमीत कमी राख मागे ठेवतं. मोटारसायकलचं किंवा कारचं इंजिन ऑइल या कामाचं नाही. ते जळण्यासाठी बनवलेलंच नसतं. त्यातल्या रसायनांची राख पिस्टनवर, प्लगवर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी साठते. "घरात होतं म्हणून टाकलं" हा हिशेब पुढे महागात पडतो. गाडीतून काढलेलं काळं ऑइल तर चुकूनही वापरू नका. त्यात धातूचा बारीक चुरा असतो.

आता बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. कंपनीच्या नावापेक्षा ते महत्त्वाचं आहे.

जासो एफबी, एफसी, एफडी: ही जपानची मानकं आहेत. एफबी ही साधी पायरी. एफसी कमी धूर करतं. एफडी कमी धूर तर करतंच, शिवाय इंजिन आतून अधिक स्वच्छ ठेवतं. ग्रासकटर आणि चेन सॉसाठी एफसी किंवा एफडी घ्या. थोडे पैसे जास्त गेले तरी एफडी घेणं फायद्याचं.

आयएसओ ईजीबी, ईजीसी, ईजीडी: ही आंतरराष्ट्रीय मानकं साधारण याच क्रमाने जातात. ईजीडी सर्वांत वरचं.

एपीआय टीसी: हे जुनं अमेरिकी मानक. हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठी चालतं.

टीसी-डब्ल्यू-३: इथे थांबा. हे होड्यांच्या आऊटबोर्ड इंजिनांसाठी आहे. ती इंजिनं पाण्याने थंड होतात, त्यामुळे तुलनेने कमी तापतात. ग्रासकटर हवेवर थंड होतो आणि जास्त तापतो. म्हणून होडीचं ऑइल ग्रासकटरला वापरू नका आणि ग्रासकटरचं होडीला. किनारपट्टीवर ज्यांच्या घरी होडीही आहे आणि बागही, त्यांनी दोन्ही बाटल्या वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या.

ऑइल निळं, हिरवं की लाल, यावरून त्याचा दर्जा कळत नाही. तो फक्त रंग आहे. त्याचा उपयोग एकच, पेट्रोलात ऑइल मिसळलंय की नाही ते डोळ्यांना दिसतं.

सुटं ऑइल घेऊ नका. एकेकाळी आपल्याकडे पेट्रोल पंपावर स्कूटरसाठी सुटं ऑइल सर्रास मिळायचं. त्यात भेसळ असायची, शिवाय गरजेपेक्षा जास्त ऑइल टाकलं जायचं आणि रस्ते निळसर धुराने भरायचे. म्हणूनच दिल्लीत १९९८ च्या अखेरीस सुट्या टू-टी ऑइलच्या विक्रीवर बंदी आली. आपणही सीलबंद बाटलीच घ्यावी.

एक गंमतीची गोष्ट. पूर्वी शर्यतीच्या इंजिनांत चक्क एरंडेल वापरलं जायचं. कॅस्ट्रॉल या नावाचं मूळही एरंडेलाच्या इंग्रजी नावात, म्हणजे कॅस्टर ऑइलमध्ये आहे. पण म्हणून स्वयंपाकघरातलं कोणतंही तेल ग्रासकटरमध्ये घालायचा प्रयोग करू नका!

किती ऑइल घालायचं?

पुस्तिकेत ५०:१ किंवा १:५० असं लिहिलेलं असतं. दोन्हींचा अर्थ एकच, पन्नास भाग पेट्रोल आणि एक भाग ऑइल. कुठे "दोन टक्के" असं म्हटलेलं असेल तर तेही हेच. हिशेब करताना १००० ला त्या आकड्याने भागा, म्हणजे एक लिटर पेट्रोलाला किती मिलीलीटर ऑइल ते कळतं. हा तक्ता मोबाइलमध्ये जपून ठेवा:

५०:१ – एक लिटरला २० मिली, पाच लिटरला १०० मिली
४०:१ – एक लिटरला २५ मिली, पाच लिटरला १२५ मिली
३०:१ – एक लिटरला ३३ मिली, पाच लिटरला १६७ मिली
२५:१ – एक लिटरला ४० मिली, पाच लिटरला २०० मिली
२०:१ – एक लिटरला ५० मिली, पाच लिटरला २५० मिली

यातलं तुमच्या यंत्राला कोणतं, हे यंत्राची पुस्तिकाच सांगेल. शेजाऱ्याच्या यंत्राचं प्रमाण आपल्याला लागू होईलच असं नाही. काही कंपन्या स्वतःच्या ऑइलसाठी ५०:१ आणि इतर ऑइलसाठी २५:१ सांगतात. काही पुस्तिकांत नव्या यंत्राला पहिले काही तास जास्त ऑइल द्यायला सांगितलेलं असतं. ऑइलच्या बाटलीवर एक प्रमाण आणि पुस्तिकेत दुसरं असं आढळलं, तर पुस्तिकेचं ऐका.

"कमी घातलं तर जाम होतं ना, मग थोडं जास्तच घालू" असाही विचार मनात येतो. थोडंसं जास्त झालं तर लगेच आभाळ कोसळत नाही, पण ती सवय चांगली नाही. जादा ऑइल नीट जळत नाही. त्याचा कार्बन प्लगवर, पिस्टनवर आणि सायलेन्सरच्या जाळीत साठतो. यंत्र सुरू व्हायला त्रास देतं, जोर कमी होतो आणि धूर यंत्र चालवणाऱ्याच्या नाकातोंडात जातो. ऑइल वाढलं की तेवढ्या जागेतलं पेट्रोल कमी होतं, ते वेगळंच.

मिसळायचं कसं?

ऑइल थेट यंत्राच्या टाकीत ओतून वर पेट्रोल भरणं ही सर्वांत सार्वत्रिक चूक. जाड ऑइल तळाशी बसतं. सुरुवातीला इंजिनाला नुसतं ऑइल मिळतं आणि नंतर जवळजवळ नुसतं पेट्रोल. म्हणून मिश्रण नेहमी वेगळ्या डब्यात करा.

पेट्रोलसाठीच बनवलेला, घट्ट झाकणाचा डबा घ्या. काम अंगणात, मोकळ्या हवेत करा. जवळ चूल, गॅस, बिडी-सिगारेट, उदबत्ती काहीही पेटतं नको. आधी ठरलेल्या पेट्रोलातलं अर्धं डब्यात ओता. मग मोजून ऑइल घाला. झाकण लावून नीट हलवा. उरलेलं पेट्रोल घाला आणि पुन्हा अर्धा मिनिट हलवा. झाकण उघडताना हळूच उघडा, कारण आत वाफेचा दाब तयार झालेला असतो. टाकीत भरताना गाळणी असलेलं नरसाळं वापरा. आणि यंत्र चालू असताना किंवा गरम असताना पेट्रोल कधीही भरू नका.

मोजायला औषधाच्या बाटलीबरोबर येणारं छोटं मापं किंवा सुई काढलेली वीस मिलीची सिरिंज चालते. पण एकदा ऑइलसाठी वापरलं की त्या मापावर मोठी खूण करा आणि ते घरातल्या औषधांच्या आसपासही ठेवू नका. बाटलीच्या झाकणाने मोजत असाल तर त्या झाकणात नेमकं किती मावतं ते एकदा तपासा. "दोन झाकणं" हे माप प्रत्येक बाटलीला वेगळं असतं.

घरात मुलं असतील तर हे आधी वाचा

मिश्रण केलेलं पेट्रोल थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे. ती आजच बंद करा. निळसर किंवा लालसर रंगाचं मिश्रण लहान मुलाला सरबतच वाटतं. अंधारात एखादी मोठी व्यक्तीही तहानेच्या भरात ती बाटली तोंडाला लावू शकते.

चुकून कोणी ते प्यायलंच, तर उलटी करवू नका. पोटातलं पेट्रोल उलटीबरोबर वर येताना फुप्फुसात गेलं तर जास्त घातक ठरतं. मीठ-पाणी वगैरे घरगुती उपाय न करता ताबडतोब रुग्णालयात न्या आणि काय प्यायलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. जमल्यास ऑइलची बाटली बरोबर न्या.

एक मिश्रणाचा आणि एक साध्या पेट्रोलचा, असे दोन डबे घरात असतील तर त्यांचे रंग वेगवेगळे ठेवा. घाईत साधं पेट्रोल ग्रासकटरमध्ये भरलं जाणं हे इंजिन जाण्याचं फार नेहमीचं कारण आहे.

मिश्रण किती दिवस ठेवायचं?

इथे गेल्या काही वर्षांत एक मोठा बदल झाला आहे. आपल्या देशात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि पावसाळ्यात आपल्याकडे ओलाव्याला काय तोटा! डबा सैल झाकणाचा असेल, अर्धा रिकामा असेल आणि महिनोन्‌महिने पडून असेल, तर एक वेळ अशी येते की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर तयार होतो. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलाबरोबर राहतं. यंत्राची नळी टाकीच्या तळातून ओढते. म्हणजे तुम्ही ऑइल अगदी मोजून घातलेलं असूनही इंजिनाला बिनऑइलाचं पाणचट मिश्रण मिळतं आणि ते जाम होऊ शकतं.

शिवाय अनेक लहान इंजिनांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं आढळतं. जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा इथेनॉलने कडक होतो किंवा फुगतो. यंत्र नवीन घेताना दुकानदाराला हा प्रश्न जरूर विचारा.

आपल्या हातात आहे ते असं. आठवडा-पंधरा दिवसांत संपेल एवढंच मिश्रण करा. डबा घट्ट बंद करून सावलीत ठेवा. वापरण्यापूर्वी पुन्हा हलवा. गेल्या हंगामातलं मिश्रण वापरायचा मोह टाळा. शंका आली तर थोडंसं पारदर्शक काचेच्या बाटलीत घेऊन पाच मिनिटं स्थिर ठेवा. ते गढूळ दिसलं किंवा दोन थर दिसले, तर इंजिनात घालू नका. ते गटारात, विहिरीजवळ किंवा झाडांच्या मुळाशीही ओतू नका, गॅरेजमध्ये नेऊन द्या.

हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करा आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. मग पुढच्या पावसाळ्यात दोरी ओढून खांदा दुखणार नाही.

यंत्र काय सांगतंय, ते ऐका

प्लग काढून पाहायला शिका. त्याचं टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळं आणि ओलसर तेलकट असेल तर ऑइल जास्त पडतंय, पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. पांढरट, भाजल्यासारखं असेल तर इंजिन जास्त तापतंय, म्हणून ते लगेच मेकॅनिकला दाखवा. प्लग पूर्ण निदान करत नाही, पण कुठे बघायचं ते सांगतो.

काम करताना यंत्राचा आवाज अचानक चिरका झाला, जोर ओसरला किंवा वेग आपोआप कमी होऊ लागला, तर "एवढा पट्टा संपवू" म्हणून रेटू नका. लगेच बंद करा, थंड होऊ द्या आणि टाकीत काय भरलंय ते आधी तपासा. वेळेवर थांबलात तर इंजिन वाचण्याची शक्यता असते.

शेवटी एक पाच मिनिटांचं काम. पक्क्या शाईचं मार्कर घ्या आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: "ग्रासकटर. १ लिटरला ४० मिली." आकडा अर्थातच तुमच्या पुस्तिकेतला. खाली मिश्रण केल्याची तारीख लिहायला जागा ठेवा. कारण हे सगळं तुम्ही वाचलं आहे, पण उद्या तुमच्या घरी गवत कापायला येणाऱ्या माणसाने वाचलेलं नसेल. तुम्ही शहरात असाल आणि गावच्या घरी वडील किंवा काका यंत्र चालवत असतील, तर वरच्या तक्त्यातली त्यांच्या यंत्राची ओळ आजच त्यांना पाठवून द्या.